गादीवाचून राज्य : अहिल्याबाई होळकर

गोदावरीच्या होळकर पुलावरून आपण कितीदा तरी ये-जा करतो. पंचवटीत दर्शनाला जाताना, भाजी आणताना, माहेरवाशिणीला गंगेवर नेताना हा पूल ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. इंग्रजी अमदानीत तो बांधला गेला तेव्हा त्याला व्हिक्टोरिया राणीचे नाव होते. पुढे ते नाव गेले आणि अहिल्याबाई होळकरांचे आले. एका राणीच्या जागी दुसरी राणी आली, एवढेच आपल्या मनात येते.

पण भगिनींनो, थोडा विचार केला तर या दोन नावांत एक मोठी गंमत आहे. व्हिक्टोरिया राणीला सिंहासन होते, मुकुट होता, अर्ध्या जगावर तिच्या नावाची नाणी चालत होती. परंतु राज्याचे निर्णय पार्लमेंट आणि मुख्य प्रधान घेत. अहिल्याबाईंची गोष्ट नेमकी उलटी. त्यांच्या मस्तकावर मुकुट नव्हता. होळकरांच्या सुभेदारीची वस्त्रे पेशव्यांनी दिली ती त्यांना नव्हे, तुकोजी होळकरांना. फौजही तुकोजींच्या हाताखाली. असे असून अठ्ठावीस वर्षे माळव्यात शब्द चालला तो अहिल्याबाईंचा. हे कसे घडले? आज मंडळाच्या वाढदिवसानिमित्त त्यांचे चरित्र आठवताना या एका प्रश्नाचा मागोवा घ्यावा असे वाटते.

राज्यशास्त्राच्या पुस्तकांत तीन शब्द वेगळे करून शिकवतात : सत्ता, अधिकार आणि अधिमान्यता. शब्द जड आहेत, पण गोष्ट आपल्या घरातलीच आहे. घर कागदोपत्री एकाच्या नावावर असते. कोठीच्या किल्ल्या दुसरीच्या कमरेला असतात. आणि लग्नकार्य ठरवायचे, भावाभावांतला तंटा मिटवायचा, तर सगळी मंडळी जिच्याकडे जातात ती कोपऱ्यात बसलेली आजी तिसरीच असते. कागद हा अधिकार, किल्ली ही सत्ता, आणि आजीचा शब्द मनापासून ऐकावासा वाटणे ही मान्यता. तिन्ही एका ठिकाणी आली तर घर सुखाने चालते. ती तीन ठिकाणी विखुरली की भांडणे सुरू होतात. होळकरांच्या घरात ती विखुरली होती, आणि तरीही घर चालले. अहिल्याबाईंच्या चरित्राचे मर्म यातच आहे.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. जिल्ह्याचे जुने नाव अहमदनगर बदलून २०२४ साली त्यांचेच नाव त्याला देण्यात आले. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. आठ-नऊ वर्षांच्या वयात त्यांचे लग्न मल्हारराव होळकरांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी झाले. मल्हारराव हे स्वतःच्या तलवारीवर वर आलेले गृहस्थ. धनगराच्या घरी जन्मून पहिल्या बाजीरावांच्या पदरी त्यांनी मोठे नाव कमावले आणि माळव्याची सुभेदारी मिळवली.

त्याच सुमारास, १७३४ साली, एक गोष्ट घडली. तिच्याकडे इतिहास वाचताना आपले सहसा लक्ष जात नाही. मल्हाररावांच्या विनंतीवरून बाजीरावांनी त्यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने वेगळी जहागीर करून दिली. तिला खासगी म्हणत. दौलतीचा, म्हणजे फौजफाट्याचा हिशेब निराळा आणि खासगीचा निराळा. गौतमाबाईंच्या मागे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. सासूकडून सुनेकडे दागिने येतात; इथे सुनेला स्वतःच्या उत्पन्नाचे परगणे आले. पुढे अहिल्याबाईंनी जी देवळे, घाट, अन्नछत्रे उभारली, त्यांचा मोठा भार या खासगीने उचलला. स्वतःच्या हाताशी स्वतःचा पैसा असल्याने कोणाच्या दारी त्यांना जावे लागले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई तेव्हा तिशीच्या आतच होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्या सती जाण्यास निघाल्या, पण मल्हाररावांनी त्यांना गहिवरून अडवले. एकुलता एक मुलगा गेला, आता सूनच आपला मुलगा, असे मानून त्यांनी तिच्या हाती कारभार सोपवायला आरंभ केला. कागद वाचणे, वसुली पाहणे, फौजेला दाणागोटा आणि दारूगोळा पुरवणे ही कामे त्या करू लागल्या. १७६५ सालच्या पत्रांत सासरे सुनेला तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे कूच करण्यास आणि तोफांचे गोळे तयार करवून घेण्यास सांगताना दिसतात. देव्हाऱ्यासमोर हातात पिंड घेऊन बसलेली मूर्तीच आपण चित्रांत पाहतो. त्या मूर्तीमागे बारा वर्षांची ही उमेदवारी होती, हे विसरता कामा नये.

१७६६ साली आलमपूर येथे मल्हाररावांचे देहावसान झाले. नातू मालेराव, म्हणजे अहिल्याबाईंचा मुलगा, गादीवर आला. पण वर्षाच्या आत, १७६७ साली, तोही गेला. नवरा गेला, सासरे गेले, पोटचा मुलगा गेला. घरात पुरुष वारस उरला नाही. आणि अशा घराकडे ज्यांची नजर असते ते लगेच पुढे सरसावले.

होळकरांचे जुने दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एक तोड काढली. अहिल्याबाईंनी लहान मूल दत्तक घ्यावे, स्वतःसाठी नेमणूक घेऊन देवधर्म करावा, आणि मुलाच्या नावाने कारभार दिवाणांनी पाहावा. वरून पाहता सल्ला सालस होता. आतला अर्थ असा की नाव मुलाचे, मान बाईचा आणि किल्ल्या दिवाणांच्या. या बेताला पाठबळ मिळाले ते थोरल्या माधवराव पेशव्यांचे चुलते राघोबादादा यांचे. उत्तरेच्या मोहिमेत त्यांच्या पदरी यश पडले नव्हते, पैशाची ओढाताण होती, आणि होळकरांचा भरलेला खजिना समोर दिसत होता. फौज घेऊन ते शिप्रेच्या काठी येऊन थांबले.

अहिल्याबाईंचे उत्तर इथे नीट समजून घेतले पाहिजे. आपण शूर आहोत किंवा आपल्याकडे तोफा आहेत, एवढ्यावर त्यांनी भिस्त ठेवली नाही. त्यांनी हक्काचा मुद्दा मांडला. या घराण्याच्या एका वारसाची मी पत्नी, दुसऱ्याची आई. तेव्हा पुढचा माणूस निवडण्याचा हक्क माझा आहे, दिवाणाचा नाही, अशी त्यांची भूमिका होती. मग त्यांनी तीन गोष्टी एकदम केल्या. पुण्याला माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. शिंदे, गायकवाड, भोसले अशा सरदारांना कळवले की आज हे माझ्या घरी घडते आहे, उद्या तुमच्या घरी घडेल. आणि तुकोजी होळकरांना फौजेनिशी पुढे पाठवले. राघोबादादांना त्यांनी असाही निरोप धाडल्याचे सांगतात की, मी हरले तर बाई हरली म्हणून कोणी काही म्हणणार नाही, पण आपण हरलात तर बाईकडून हरल्याचे जन्मभर ऐकावे लागेल.

माधवरावांचा कौल अहिल्याबाईंच्या बाजूने पडला. आपल्या सख्ख्या चुलत्याविरुद्ध त्यांनी एका विधवा सुनेचा हक्क मान्य केला. राघोबादादांनी मग आपण केवळ मालेरावांच्या दुखवट्यासाठी आलो होतो असे सांगून वेळ साजरी केली. पुढे वर्षभरातच या गोष्टीला आपल्या जिल्ह्यात शेवट लाभला. जून १७६८ मध्ये चांदवड तालुक्यातील धोडपच्या किल्ल्यापाशी माधवरावांनी चुलत्यांचा पराभव केला आणि त्यांना कैद करून पुण्याला नेले. गंगाधर यशवंतही त्या वेळी राघोबांच्याच बाजूला होते. त्यांनाही शिक्षा भोगावी लागली. नाशिकजवळचे आनंदवल्ली ज्यांच्यामुळे नावारूपाला आले तेच हे राघोबादादा. त्यांच्याजवळ फौज होती, पेशव्यांच्या कुळातला जन्म होता, अटकेपर्यंतचा लौकिक होता. नव्हती ती लोकांची मान्यता, आणि पुढे आयुष्यभर ती त्यांना लाभली नाही.

आता अहिल्याबाईंनी जे केले ते पुष्कळांना कोड्यात टाकणारे आहे. विजय मिळाल्यावर त्यांनी सुभेदारी स्वतःसाठी मागितली नाही. तुकोजी होळकर हे मल्हाररावांचे विश्वासू सरदार, होळकर आडनावाचे, पण जवळच्या नात्यातले नव्हेत. पेशव्यांकडून वस्त्रे त्यांना देवविली. वयाने ते अहिल्याबाईंहून थोडे वडील, तरी त्यांना मातुश्री म्हणत. आणि त्यांच्या शिक्क्यावर ते मल्हाररावांचे पुत्र म्हणून कोरलेले होते, असे माल्कमसाहेबाने लिहून ठेवले आहे. म्हणजे फौज तुकोजींची, पद तुकोजींचे, पण त्या पदाला पावित्र्य आले ते अहिल्याबाईंनी त्यांना घरचे मानल्यामुळे. स्वतः त्यांनी नर्मदेच्या काठी महेश्वर येथे राजधानी नेली आणि मुलकी कारभार, वसुली, न्याय आणि खजिना आपल्याकडे ठेवला.

तुकोजी आणि अहिल्याबाई यांचे नेहमीच जमले असे मात्र नाही. तुकोजींना मोहिमांसाठी सतत पैसा लागे. अहिल्याबाई आधीचा हिशेब मागत. हिशेब येत नसे आणि पत्रांत कडवटपणा येई. पण ही ओढाताण चालू असताही तुकोजींनी फौज महेश्वरवर आणली नाही. का आणली नाही, याचे उत्तर एका प्रसंगात सापडते.

इंदूरला एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. त्या वेळी तुकोजींची छावणी इंदूरजवळ होती. काही मंडळींच्या सल्ल्यावरून त्यांनी त्या संपत्तीत वाटा मागितला. निपुत्रिकाच्या धनावर सरकारने हात घालणे हे तेव्हा नवीन नव्हते. सावकाराची विधवा धावत महेश्वरला गेली. अहिल्याबाईंनी तिचे म्हणणे ऐकले, नवऱ्याच्या संपत्तीची मालकीण तीच असल्याचे मान्य करून तिला वस्त्रे दिली, आणि तुकोजींना कळवले की छावणी इंदूरपासून दूर हलवावी व आपल्या शहराला त्रास देऊ नये. आता विचार करा, भगिनींनो. सगळी फौज तुकोजींजवळ. महेश्वरहून त्यांना अडवायला येणार कोण? तरीही ते निमूटपणे निघून गेले. हुकूम मोडण्याचे बळ अंगी असताना माणूस हुकूम मानतो, तेव्हा तिथे मान्यता आहे हे ओळखावे. बंदुकीच्या धाकाने मानतो तेव्हा ती नुसती सत्ता असते, आणि बंदूक दुसरीकडे वळली की तीही संपते.

ही मान्यता अहिल्याबाईंना कुळाच्या नावाने थोडी मिळाली, पण टिकली ती रोजच्या वागण्याने. त्या पडद्यात बसत नसत. रोज उघड कचेरी भरवून सामान्य माणसाची फिर्याद स्वतः ऐकत. सारा माफक ठेवीत आणि कमाविसदार वरचेवर बदलीत नसत. इंदूरचा कमाविसदार वीस वर्षांहून अधिक काळ तोच होता. वाटमाऱ्या करणाऱ्या भिल्लांशी त्यांनी नुसती लढाई केली नाही. त्यांच्या मुलखातून जाणाऱ्या मालावर थोडा कर घेण्याचा त्यांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला आणि त्याबरोबर वाटसरूंच्या रक्षणाची जबाबदारीही त्यांच्यावर टाकली. हक्क आणि जबाबदारी जोडीने दिली की चोरही चौकीदार होतो, हे त्यांना ठाऊक होते.

त्यांच्या हातून काशीविश्वेश्वराचे देऊळ १७८० साली पुन्हा उभे राहिले. सोमनाथ, गया, वेरूळचे घृष्णेश्वर ही नावे आपण जाणतोच. यांपैकी पुष्कळ ठिकाणे होळकरांच्या मुलखाबाहेरची. जिथे त्यांची फौज कधी गेली नाही तिथे त्यांचा घाट, त्यांची विहीर आणि त्यांचे नाव गेले. आपल्या जिल्ह्यात चांदवड हे होळकरांचे ठाणे. तिथला रंगमहाल आणि रेणुकादेवीचे मंदिर आजही मुंबई-आग्रा रस्त्याने जाणारी मंडळी वाट वाकडी करून पाहतात.

त्याच काळात रशियात कॅथरीन राणी राज्य करीत होती. १७६२ साली पहारेकरी पलटणींच्या मदतीने तिने नवऱ्याला पदच्युत केले आणि सिंहासन घेतले. तिच्या हाती आधी सत्ता आली, आणि मग ती रास्त आहे हे जगाला पटवण्यात तिचा जन्म गेला. महेश्वरात उलटा क्रम होता. आधी लोकांनी मानले, म्हणून सत्ता चालली.

इतके लिहिल्यावर दुसरी बाजू न लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अहिल्याबाईंचे राज्य केवळ मायेवर चालले नाही. रामपुऱ्याच्या चंद्रावत रजपुतांनी बंड केले तेव्हा त्यांनी फौज पाठवून ते कठोरपणे मोडले. ज्यांनी त्यांना मानले नाही त्यांच्यापुढे त्यांनाही तलवारच वापरावी लागली. आणि एका ठिकाणी त्यांचा शब्द हरला. नातू १७९० साली गेला, पाठोपाठ १७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले, आणि मुलगी मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. आईने पायांवर डोके ठेवून विनवले. ज्या आर्जवाने मल्हाररावांनी सुनेला परत फिरवले होते, त्या आर्जवाने अहिल्याबाईंना लेकीला फिरवता आले नाही. फौजेचा सरदार ज्यांचा निरोप मिळताच छावणी हलवी, त्यांचा शब्द रूढीपुढे चालला नाही. रूढीलाही तिची मान्यता असते, आणि ती मोडायला एका पुण्यवंत बाईचे वजन पुरत नाही, हे फार दुःखाने म्हणावे लागते.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई निवर्तल्या. दोन वर्षांनी तुकोजीही गेले. आणि मग सुभेदारीसाठी तुकोजींच्या मुलांत तंटा लागला. एक मुलगा पुण्यात मारला गेला, दुसऱ्याला १८०१ साली हत्तीच्या पायी दिले, आणि १८०२ साली यशवंतराव होळकरांनी पुण्यावर चाल करून पेशव्यांच्या फौजेला हरवले. बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला पळाला आणि वसईचा तह झाला. या धामधुमीत होळकरी फौजांची आणि पेंढाऱ्यांची लूट नाशिक-खानदेशावरही कोसळली. त्यातच पाऊस गेला आणि १८०३-०४ चा भीषण दुष्काळ पडला. होळकर हे एकच नाव. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्याने लोकांना दिलासा वाटत होता, आता त्याने गावे ओस पडू लागली.

हा अहिल्याबाईंचा दोष म्हणता येणार नाही, पण धडा मात्र आहे. माणसाच्या गुणांवर उभी असलेली मान्यता त्या माणसाबरोबर चितेवर जाते. मॅक्स वेबर या जर्मन पंडिताने परंपरेची, व्यक्तीच्या तेजाची आणि नियमाची अशा तीन प्रकारच्या मान्यता सांगितल्या आहेत. अहिल्याबाईंकडे पहिल्या दोन होत्या. तिसरी, जी व्यक्तीमागे टिकते, ती त्या काळच्या कोणत्याच दरबारात नव्हती. पंचवीस वर्षांनी माल्कमसाहेब माळव्यात आला. त्याला लोकांची स्तुती अतिशयोक्तीची वाटली म्हणून त्याने सर्व थरांत फिरून चौकशी केली. सगळीकडे त्याला तेच ऐकू आले. मनांत आठवण राहिली होती, कारभारात मात्र काही उरले नव्हते.

आज नियमाचे राज्य आहे. १९९२ सालच्या घटनादुरुस्तीने गावच्या कारभारात स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. वस्त्रे आता आपल्याला मिळतात. पण किती गावांत सरपंच म्हणून नाव बाईचे आणि खुर्चीवर बसून सह्या सांगणारा नवरा, असे दृश्य आपण पाहतो! म्हणजे गंगाधर यशवंतांची जुनी तोड नव्या वेषात आलीच. नाव तिचे, मान तिचा, किल्ल्या दुसऱ्याच्या. अहिल्याबाईंनी ती तोड नाकारली, कारण कागद त्या स्वतः वाचू शकत होत्या, हिशेब स्वतः तपासू शकत होत्या, आणि हाताशी स्वतःचा पैसा होता.

आपले मंडळ हे लहानसे राज्यच आहे. अध्यक्षीण निवडून येते, चिटणीस कागद ठेवते, खजिनदार पै-पैचा हिशेब सांगते. वर्षाच्या सभेत तो हिशेब मोकळेपणाने वाचला जातो, प्रश्न विचारणारीला रागाने पाहिले जात नाही, नव्या सुनेलाही बोलू दिले जाते, तेव्हा तिथे मान्यता जन्मते. पुढच्या वेळी होळकर पुलावरून जाताना क्षणभर कठड्याशी थांबावे, खालच्या पाण्याकडे पाहावे आणि स्वतःला एवढेच विचारावे, की उद्या आपल्या हातून पद गेले, तर आपला शब्द कोणी मानील का?